एमजीबीला पाच गिअरचा बॉक्स बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी १९७१ ची एमजीबी जीटी, एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते. गाडी घेतली तेव्हा तिला चार गिअर होते आणि ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे जोडलेला, स्विचने लागणारा आणि इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नव्हता. तिला पाच गिअरचा बॉक्स बसवला तो दोनदा. पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून आणि चुकीच्या रीतीने, दुसऱ्यांदा तोच स्वतः आणि बरोबर. तेव्हापासून इथले मराठी गाडीवेडे, आणि पुण्या-मुंबईकडचेही काही जण, मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

मुळात पाचवा गिअर हवाच कशाला?

एमजीबी १९६२ साली आली. एम१ मोटरवेचा पहिला टप्पा खुला होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. गाडी बनली ती वळणावळणाच्या गावरस्त्यांसाठी, आणि तिथे चार गिअर पुरेसे होते. चौथा गिअर म्हणजे एकास एक: इंजिनाचा एक फेरा, प्रॉपशाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) एक फेरा. पुढे मागच्या ॲक्सलमध्ये ३.९०९ रेशोचा डिफ (डिफरन्शियल), म्हणजे प्रॉपशाफ्टचे ३.९०९ फेरे झाले की चाकांचा एक. या हिशेबाने चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे ताशी २८.८ किमी वेग मिळतो. ताशी १०० किमीला इंजिन मिनिटाला ३,४७० फेरे फिरतं. इथल्या मोटरवेच्या ७० मैलांच्या मर्यादेला पोचलात की ३,९००.

या फिरण्याने इंजिन काही मोडत नाही, एमजीबीचं हे बी-सिरीज इंजिन दणकट आहे. पण तासाभरात कान किटतात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि पेट्रोलही जास्त जळतं. पाचवा गिअर ०.८२ चा मिळाला की तोच १०० चा वेग २,८५० फेऱ्यांत निघतो. सहाशेहून अधिक फेरे वाचतात. लांबच्या प्रवासात हा फरक अंगाला कळतो.

माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे. तरी बदलू का?

ओव्हरड्राइव्ह चालत असेल तर अजिबात बदलू नका. हे उत्तर अनेकांना आवडत नाही, पण आकडे पाहा. १९६७ च्या अखेरीपासूनच्या गाड्यांना शेफील्डच्या लेकॉक कंपनीचा एलएच जातीचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा. त्याचा रेशो ०.८२. फोर्डच्या टाईप ९ बॉक्सच्या पाचव्या गिअरचा रेशोही ०.८२. म्हणजे एवढा खर्च आणि खटाटोप करून मोटरवेवर तुम्हाला मिळणार काय, तर जे आधीच होतं तेच! शिवाय १९७६ पर्यंतच्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरवरही लागतो. बोट हलवलं की साडेतीनावा गिअर हाताशी, क्लच दाबायचीही गरज नाही. घाटासारख्या रस्त्यावर ही सोय पाच गिअरचा कुठलाच बॉक्स देत नाही.

ओव्हरड्राइव्ह बंद पडला म्हणून बॉक्स काढायला निघालेल्यांना मी आधी चार गोष्टी तपासायला सांगते. बॉक्समध्ये तेल पुरेसं आहे का? ओव्हरड्राइव्हला वेगळं तेल नसतं, तो बॉक्सच्याच तेलावर दाब तयार करतो. जाळी तुंबली आहे का? बॉक्सवरचा छोटा स्विच चौथ्या गिअरमध्ये जोडला जातो का? आणि ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या सोलेनॉइडपर्यंत वीज पोचते का? इंजिन बंद ठेवा, चावी फिरवा, चौथा गिअर टाका, ओव्हरड्राइव्हचा स्विच लावा आणि गाडीखाली कान लावा. बारीकसा 'टक्' आवाज यायला हवा.

लेस्टरचे एक गृहस्थ पाच गिअरच्या संचाची (बॉक्स आणि तो बसवायला लागणाऱ्या भागांची) आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. त्यांच्या गाडीत दोष निघाला तो वायर जोडणाऱ्या, गंजलेल्या बुलेट कनेक्टरमध्ये. तो साफ करून दाबून बसवला, आणि त्यांचा ओव्हरड्राइव्ह आजही चालतो आहे.

मग कोणी बदलावा?

ज्यांच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह मुळातच नाही त्यांनी. किंवा ज्यांचा बॉक्स आतून इतका झिजला आहे की दुरुस्तीला दात्यांपासून शाफ्टपर्यंत सगळंच नवं लागेल, त्यांनी. तिसरा गट १९६२ ते ६७ च्या गाड्यांचा. त्यांच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी कडी) नाही. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की करकर होते. शहरातल्या खोळंब्यात दिवसभर असं चालवणं त्रासाचं आहे हे मला मान्य आहे. तरी ज्याला डबल-क्लच करायला (एका गिअरबदलात क्लच दोनदा दाबायला) मनापासून आवडतं, त्याने तो बॉक्स जपावा असंच मी सांगेन.

कोणता बॉक्स घेऊ: फोर्डचा की माझदाचा?

एमजीबीसाठी मुख्य पर्याय हे दोन.

फोर्ड टाईप ९ हा ऐंशीच्या दशकात सिएरा आणि काप्री या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत असायचा. फोर्डने जुन्या चार गिअरच्या बॉक्सलाच मागे शेपटीत पाचवा गिअर जोडून तो बनवला. चार सिलिंडरच्या गाड्यांतल्या बॉक्सचे रेशो ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२. ताकदीची चिंता नको: हाच बॉक्स २.८ लिटरच्या व्ही६ काप्रीतही होता, आणि आपल्या १७९८ सीसीच्या इंजिनाचा टॉर्क ११० पौंड-फूट, म्हणजे साधारण १५० न्यूटन-मीटर. हा बॉक्स अनेक वर्षं जुन्या ब्रिटिश गाड्यांचा ठरलेला उपाय होता. अडचण अशी की आता सिएराच भंगारात दिसेनाशी झाली आहे. जो बॉक्स मिळेल तो चाळिशीला आलेला असणार. 'चालू गाडीतून काढलेला' एवढ्या शब्दावर तो घेऊ नका. उघडून, बेअरिंगं आणि सिंक्रोच्या कड्या बदललेला बॉक्सच घ्या.

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांतला पाच गिअरचा बॉक्स वयाने तरुण आहे आणि अजून सहज मिळतो. रेशो ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४. गिअरच्या दांड्याची हालचाल छोटी आणि नेमकी, हाताला सुख देणारी. मूळ गाडीत या बॉक्सला मागून आधार देणारा एक लांब सांगाडा थेट डिफपर्यंत जातो. एमजीबीत तो नसतो, म्हणून शेपटीखाली नवा आधार तयार करावा लागतो. हा आधार संचात आहे की नाही हे विकत घेण्याआधी विचारा.

माझ्या गाडीत टाईप ९ आहे. आज नव्याने निवडायचं झालं तर मी माझदाचा घेईन. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

'टाईप ९ चा पहिला गिअर फार छोटा वाटतो' अशी तक्रार का ऐकू येते?

कारण ती खरी आहे. एमजीबीच्या पूर्ण-सिंक्रो बॉक्सचा पहिला गिअर ३.४४ आणि दुसरा २.१६७. टाईप ९ मध्ये पहिला ३.६५ आणि दुसरा १.९७. पहिला आणखी खाली गेला, दुसरा वर गेला, आणि मधलं अंतर रुंदावलं. मूळ बॉक्समध्ये पहिल्याला ५,००० फेऱ्यांपर्यंत ओढून दुसरा टाकलात तर इंजिन ३,१५० वर येतं. टाईप ९ मध्ये ते २,७०० वर पडतं. माझदाच्या बॉक्समध्ये ३,०१० वर. चढावर, गाडीत दोन माणसं आणि सामान असताना, हे पडणं लगेच जाणवतं. पहिल्यात गाडी लवकर ओरडायला लागते आणि दुसऱ्यात गेल्यावर दमते.

यावर उपाय आहेत. व्ही६ गाड्यांतल्या टाईप ९ चे रेशो वेगळे होते: पहिला ३.३६, दुसरा १.८१. पण तो बॉक्स मिळणं त्याहून अवघड. पहिला गिअर लांब करणारे संच मिळतात, त्यासाठी बॉक्स पूर्ण उघडावा लागतो. बॉक्स तसाही दुरुस्तीला उघडणार असाल तर तेव्हाच ते करून घ्या.

बॉक्स बदलण्याऐवजी डिफच लांब रेशोचा बसवला तर?

एमजीबी जीटी व्ही८ चा डिफ ३.०७ चा आहे, आणि तो बसवायचा मोह अनेकांना होतो. मोटरवेवर इंजिन शांत होईल हे खरं. पण डिफ बदलला की सगळेच गिअर लांब होतात, पहिलासुद्धा. चढावर गाडी हलवताना क्लच घसरवत बसावं लागेल. व्ही८ मध्ये साडेतीन लिटरचं इंजिन होतं, त्याला ते झेपत होतं. १८०० वर हा प्रयोग करू नका.

माझ्या गाडीच्या सालाने काही फरक पडतो का?

खूप. १९६७ च्या अखेरीस मार्क २ ही एमजीबीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नव्या मोठ्या बॉक्ससाठी मधलं टनेल (दोन सीटांमधला, बॉक्स झाकणारा उंचवटा) रुंद केलं गेलं, आणि इंजिनाची मागची बाजूही बदलली. त्याआधीच्या गाड्यांचं टनेल अरुंद, म्हणून त्यांचे संच वेगळे येतात. संच मागवताना गाडीचं साल सांगून थांबू नका, इंजिनाचा क्रमांक वाचून सांगा. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन बेअरिंगचं जुनं इंजिन, १८जीबी म्हणजे पाच बेअरिंगचं पण मार्क १ मधलं, १८जीडी आणि पुढे १८व्ही म्हणजे मार्क २ पासूनचं. पन्नास-साठ वर्षांत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे कागदावरच्या सालावर भरवसा ठेवू नका. बॉनेट उघडा, फडक्याने पाटी पुसा आणि क्रमांक वाचा.

इंजिन काढावंच लागतं का? नुसता बॉक्स खालून नाही निघत?

काढावंच लागतं. एमजीबीत क्लचप्लेट बदलायची असली तरी इंजिन बाहेर येतं. इंजिन आणि बॉक्स जोडलेल्या अवस्थेत, नाक वर आणि शेपूट खाली असं तिरकं करून उचलायचं. बॉनेट, रेडिएटर, ऑइल कूलरच्या नळ्या, एक्झॉस्टचे नट, प्रॉपशाफ्ट आणि मागचा क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) आधी सुटे करायचे. साखळीवर झुकाव बदलता येणारा लेव्हलर भाड्याने मिळतो, तो घ्याच.

एक्झॉस्टच्या नटांना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट परत बसवताना संयम ठेवा. चारपैकी तीन सहज लागतात, चौथ्याचं भोक जुळत नाही. सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे धरतील इतकेच लावून घ्या, बॉक्स जॅकने किंचित हलवत चौथा पकडा, आणि मगच पान्याने आवळा.

मदतीला एक माणूस असेल तर दोन मोठे शनिवार-रविवार पुरतात. एकट्याने इंजिन उचलू नका.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या केंद्रात. या पानावरची बाकी सगळी उत्तरं विसरलात तरी चालेल, पण हे एक लक्षात ठेवा.

नव्या बॉक्सला जुन्या इंजिनाशी जोडायला संचात ॲल्युमिनियमचं नवं बेलहाउसिंग येतं. बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून ताकद घेणारा दांडा) त्या बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आधाराने उभा असतो आणि त्याचं टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधल्या बुशमध्ये (आधार देणाऱ्या छोट्या नळीत) शिरतं. म्हणजे क्रँकचं केंद्र आणि बेलहाउसिंगच्या भोकाचं केंद्र एका रेषेत हवं. बेलहाउसिंग इंजिनावर नुसतं बोल्टने आवळलं तर बोल्टच्या भोकांत जेवढी ढील असेल तेवढं ते कुठेही सरकू शकतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. क्लच नीट दबतो, गिअर नीट पडतात, गाडी घरी येते.

माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. पहिल्यांदा एका वर्कशॉपने बॉक्स बसवून दिला. दीड हजार मैलांनंतर न्यूट्रलमध्ये उभी असताना घुंऽऽ असा आवाज यायला लागला. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. याचा अर्थ इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. वर्कशॉपने दुसरं बेअरिंग टाकलं आणि तेही तितक्याच मैलांत गेलं. दुसऱ्या वेळी मी इंजिन स्वतः काढलं, बॉक्स बेलहाउसिंगपासून सोडवला आणि रिकामं बेलहाउसिंग इंजिनावर तसंच ठेवलं.

क्रँकच्या मागच्या टोकावरच्या फ्लायव्हीलवर चुंबकाच्या पायाचा डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावला आणि त्याचं टोक बेलहाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं. स्पार्क प्लग काढले, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. गेज सगळ्यात वर असताना काटा शून्यावर आणला. मी पुढून पान्याने क्रँक फिरवत होते आणि माझे एक शेजारी मागे टॉर्च धरून आकडे सांगत होते. घड्याळाच्या बाराला शून्य, तीनला ४, सहाला ११, नऊला ७. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे, कारखान्यात ज्याला थाऊ म्हणतात त्याचे. आधी मापं खरी आहेत का ते ताडून पाहिलं: समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज सारखी यायला हवी. शून्य अधिक ११ म्हणजे ११, आणि ४ अधिक ७ म्हणजेही ११. गेज हलला नव्हता, भोकच केंद्रात नव्हतं.

काट्याचा पूर्ण फिरण्याचा आकडा ५ थाऊच्या आत हवा, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर. माझ्याकडे ११ होते. केंद्र प्रत्यक्षात सरकलेलं असतं ते या आकड्याच्या निम्मं, साडेपाच थाऊ. केसाच्या जाडीपेक्षा फारसं अधिक नाही, पण तेवढ्याने दोन बेअरिंगं खाल्ली होती.

मग बोल्ट अर्धवट ढिले केले, लाकडी ठोकळा ठेवून बेलहाउसिंगला हलके ठोके दिले, पुन्हा आवळलं, पुन्हा मोजलं. दुपार त्यातच गेली. शेवटी शून्य, १, ३, २ असे आकडे आले. त्या जागेवर बेलहाउसिंग पक्कं आवळलं, इंजिनाच्या मागच्या प्लेटमधून आरपार दोन भोकं पाडून रीमरने मापात आणली आणि पोलादी डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बसवले. आता बेलहाउसिंग कितीदाही काढलं तरी त्याच जागी बसेल. तेव्हापासून आवाज आलेला नाही.

तुम्ही काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: 'बेलहाउसिंग डायल गेजने तपासणार का, आणि आकडे मला लिहून देणार का?' उत्तर 'त्याची गरज नसते' असं आलं तर गाडी तिथे ठेवू नका.

क्लचचं काय?

क्लचप्लेटच्या मधल्या छिद्रातले खाचदाते नव्या इनपुट शाफ्टशी जुळायला हवेत. दोन्ही समोर ठेवून दाते मोजा, आणि प्लेट शाफ्टवर सरकवून पाहा. अडकता कामा नये, डुगडुगताही कामा नये. क्रँकमधलं बुशही नव्या शाफ्टच्या टोकाप्रमाणे बदलावं लागतं. पितळी सच्छिद्र बुश असेल तर बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

क्लच दाबायची व्यवस्था दोन प्रकारची येते. एकात मूळचा बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) तसाच राहतो. दुसऱ्यात सिलिंडर आतच, शाफ्टभोवती गोल बसतो. मी बाहेरचाच घ्या म्हणेन. आतला गळायला लागला तर त्या एका रबराच्या सीलसाठी तुम्हाला पुन्हा अख्खं इंजिन उतरवावं लागेल. बाहेरचा दोन बोल्ट सोडवले की हातात येतो.

प्रॉपशाफ्ट जुनाच चालेल?

नाही. नव्या बॉक्सची लांबी वेगळी, आणि जोडही वेगळा. टाईप ९ मध्ये प्रॉपशाफ्टचं पुढचं टोक बॉक्सच्या शेपटीत आत-बाहेर सरकतं. मूळ एमजीबीत बॉक्सला फ्लँज होता. शाफ्टची लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी असावी, जॅकवर मागचा ॲक्सल लटकत असताना घेतलेलं माप चुकतं. शाफ्ट पूर्ण आत ढकलल्यावर मागे दोन-अडीच सेंटीमीटर जागा शिल्लक राहायला हवी. कापलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्याच, नाहीतर वेग वाढला की बुडाखाली थरथर सुरू होते आणि माणूस उगाच चाकांना दोष देत बसतो.

स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो. का?

डायलवर बारीक अक्षरांत १२८० सारखा आकडा असतो. एका मैलात केबलचे किती फेरे व्हायला हवेत तो हा आकडा. नव्या बॉक्समध्ये हे फेरे वेगळे पडतात. बॉक्समधलं केबलचं छोटं दातेरी चाक बदलून फरक कमी करता येतो, उरलेल्यासाठी स्पीडोमीटर दुरुस्त करणाऱ्याकडून डायल जुळवून घ्यावा. तोवर मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहत चला.

तेल कोणतं?

इथे जुन्या सवयीने चूक होते. एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालतात, २०डब्ल्यू-५०. नव्या बॉक्सला ते घालू नका. टाईप ९ आणि माझदा, दोघांनाही गिअर ऑइल लागतं, आणि तेही जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ च्या डब्यावर 'अधिक संरक्षण' असं लिहिलेलं दिसेल, पण ते मुख्यतः डिफच्या दात्यांसाठी असतं. त्यातली रसायनं सिंक्रोच्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. टाईप ९ ला तेल काढायचा बूचच नाही, फक्त भरायचा आहे. त्यामुळे बॉक्स बाहेर असतानाच आधीचं तेल उपडं करून काढा.

इंग्लंडमध्ये नोंदणी आणि विम्याला अडचण येते का?

गिअरबॉक्स एवढाच बदलला असेल तर नाही. इथल्या वाहन खात्याने बदललेल्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं गुणांची पद्धत वापरली: मूळ बॉडीशेलला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. एकूण १४, आणि मूळ नंबर टिकायला ८ पुरेसे. बॉक्सचे २ गेले तरी १२ उरतात. नियम बदलत असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचा. विमा कंपनीला मात्र लेखी कळवाच. पाचवा गिअर आहे म्हणून हप्ता वाढवलेला मी पाहिला नाही, पण न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा अडकू शकतो.

गाडी भारतात असेल तर?

तिथे आधी कागद, मग पाना. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची, शुल्क २० हजार रुपये. गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत थेट घेतलेलं नाही, पण 'मूळ रूप' या शब्दांचा अर्थ तपासणारा अधिकारी लावणार. म्हणून आधी लेखी विचारणा करा.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. व्हीए नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी ती बाहेर काढायची. पाचव्या गिअरचा खरा फायदा तासन् तास एकसारख्या वेगाने जाण्यात आहे. वर्षातून दोन रॅलींसाठी निघणाऱ्या गाडीला मी मूळ बॉक्सच ठेवीन, आणि ते पैसे त्याच बॉक्सच्या दुरुस्तीत घालीन.

भारतातल्या मेकॅनिकला हे इंजिन समजेल का?

समजेल, आणि अनेकांना माझ्याहून चांगलं समजेल. अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. ज्यांनी आयुष्यभर अँबॅसिडरचे हेड उतरवले, त्यांना एमजीबीच्या बॉनेटखाली अनोळखी फार थोडं दिसेल. टॅपेटचा आवाजसुद्धा ओळखीचा वाटेल. फक्त डायल गेजची गोष्ट त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

एमजी मिजेट, जॅग्वार ई-टाईप किंवा इतर गाड्यांना हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, भाग वेगळे. मिजेटसाठी टाईप ९ आणि माझदा या दोन्हींचे संच मिळतात. १९६१ ते ६४ च्या ३.८ लिटर ई-टाईपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेला मॉस बॉक्स होता, ४.२ ला पूर्ण सिंक्रो मिळाला. त्यांच्या टॉर्कला टाईप ९ पुरत नाही, फोर्ड मस्टँगमध्ये असायचा तो टी५ बॉक्स वापरतात. बेलहाउसिंगचं केंद्र तपासणं मात्र सगळीकडे सारखंच.

बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत काय पाहू?

पहिल्या पन्नास मैलांनंतर गाडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) घेऊन क्रॉसमेंबर, बेलहाउसिंग आणि प्रॉपशाफ्टचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. शेपटीच्या सीलजवळ तेलाचा ओघळ आहे का पाहा. उलटा गिअर जुन्या जागी नसेल, तेव्हा पार्किंगमधून निघण्याआधी तो रिकाम्या जागेत दहा वेळा टाकून हाताला सवय लावा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आणि सोडून आवाजातला फरक ऐका. आणि चाळीस मैलांच्या वेगाखाली पाचवा टाकू नका. इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढताना धडधडतं आणि तो धक्का बॉक्सला बसतो.

जुना बॉक्स विकून टाकू का? थोडे पैसे सुटतील.

विकू नका. बसवताना बॉडीत काही कापलं नसेल, आणि चांगला संच घेतला तर कापावं लागत नाही, तर गाडी कधीही मूळ रूपात परत नेता येते. पुढचा मालक तेच विचारेल: 'मूळचा बॉक्स आहे का?' माझा बॉक्स गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर आहे. आत दोन लिटर जुनं इंजिन ऑइल, दोन्ही तोंडांना रबरी बूच, वरून ताडपत्री. दर दिवाळीला मी तो उघडून इनपुट शाफ्ट हाताने दहा-बारा वेळा फिरवते, म्हणजे वरच्या दात्यांनाही तेल लागतं. सोबत एका डब्यात त्याचे बोल्ट, जुना प्रॉपशाफ्ट कुठे टांगला आहे ती चिठ्ठी, आणि स्पीडोमीटरची मूळ केबल.